घरातल्या सायकलचे किलोमीटर जुळत नाहीत? आधी हिशेब कोण करतंय ते शोधा

मिरग लागला की माझा फोन वाजायला लागतो. जांबोटी रस्त्यावर धुकं आणि पाऊस, कणकुंबीकडे तर विचारायलाच नको. मग बेळगावातल्या टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळकडची मंडळी सायकल घरात घेतात, ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता येते त्या स्टँडवर) चढवतात आणि आठवड्याभरात एकच प्रश्न घेऊन येतात : किलोमीटर जुळत नाहीत. मी उद्यमबागेत मशीन मेंटेनन्स करतो. फिरणाऱ्या शाफ्टचे पल्स मोजून वेग काढणं हे माझं रोजचं काम, म्हणून ग्रुपातल्या एकाने ही तक्रार पहिल्यांदा माझ्याकडे आणली. त्यानंतर पाच पावसाळे गेले, तक्रार येतेच आहे. दरवेळी फोनवर तेच सांगतो, ते आता एकदा नीट लिहून ठेवतो.

तुमचा त्रास यांपैकी कुठला, ते आधी बघा :

- ट्रेनरला जोडलेलं ॲप म्हणतं ३२ किलोमीटर, हँडलवरचा सायकल कॉम्प्युटर किंवा हातातलं घड्याळ म्हणतं २४.
- स्ट्राव्हावर (राइड नोंदवून मित्रांना दाखवायच्या ॲपवर) एकाच संध्याकाळच्या दोन राइड दिसतात आणि महिन्याची बेरीज फुगते.
- पाय चालू आहेत, केडन्स (पायांचे मिनिटाला फेरे) दिसतोय, पण वेग शून्य.
- सपाटीवर ५५-६० चा वेग, किंवा घाम गाळूनही १२.
- वेग मधेच शून्यावर पडतो, चार-पाच सेकंदांनी परत येतो.
- राइड ॲपमध्ये आहे, स्ट्राव्हावर नाही. किंवा तुम्हाला दिसते, मित्रांना दिसत नाही.
- मेहनत तीच, पण महिन्याभरात वेग हळूहळू सरकलाय.

शहापूरच्या एका काकांनी गेल्या वर्षी ट्रेनर परतच द्यायला काढला होता. "हे मशीन खोटं बोलूलंय की!" असं त्यांचं म्हणणं. मशीन खोटं बोलत नव्हतं. त्यांच्याकडे दोन यंत्रं होती आणि दोन्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजत होती. हे एकदा समजलं की पुढचे अर्धे उपाय लागतच नाहीत, म्हणून आधी इथे थोडा वेळ द्या.

हा आकडा येतो कुठून?

घरातली सायकल जागची हलत नाही. रस्त्यावर जीपीएस असतो, इथे तो बिनकामाचा. म्हणजे तुमचे किलोमीटर कुणीतरी हिशेब करून काढलेले असतात, आणि हिशेबाच्या पद्धती मुळात दोन.

पहिली पद्धत चाकाची. चाक किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि चाकाच्या परिघाने गुणायचं. ब्लूटूथचा स्पीड सेन्सर वेग पाठवतच नाही. तो फक्त दोन गोष्टी पाठवतो : आतापर्यंत एकूण किती फेरे झाले, आणि शेवटचा फेरा कधी पूर्ण झाला. ती वेळ सेकंदाच्या १०२४ व्या भागात मोजलेली असते. वेग आणि अंतर समोरचं ॲप काढतं, आणि त्यासाठी लागणारा परीघ तुम्ही सेटिंगमध्ये भरलेला असतो. तो चुकला की सगळं चुकलं.

दुसरी पद्धत ताकदीची. झ्विफ्ट, मायहूश, रूव्ही यांसारखी ॲप स्मार्ट ट्रेनरकडून, म्हणजे तुमची ताकद स्वतः मोजणाऱ्या ट्रेनरकडून, वॅट घेतात. मग तुमचं वजन, उंची, पडद्यावरचा चढ, हवेचा विरोध, पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाला आहात की नाही, हे सगळं समीकरणात घालून "या ताकदीने तुम्ही त्या रस्त्यावर किती वेगाने गेला असता" ते काढतात. इथे तुमचं चाक किंवा फ्लायव्हील (ट्रेनरमधलं फिरणारं जड चाक) खरोखर किती फिरलं याला काही किंमत नाही.

आता फरक किती पडतो तो बघा. ट्रेनर अर्ग मोडवर आहे, म्हणजे तुम्ही कुठलाही गिअर टाका, तो १५० वॅटच काढून घेणार. पाय मिनिटाला ८५ फेरे. पुढे ३४ दात आणि मागे २५ असा हलका गिअर असेल तर चाकाच्या हिशेबाने वेग येतो ताशी १४.६ किलोमीटर. पुढे ५० आणि मागे १५ टाकलंत तर तोच हिशेब ३५.८ देतो. घाम तेवढाच, वॅट तेवढेच, तासाभराच्या अंतरात २१ किलोमीटरचा फरक. ताकदीवर चालणाऱ्या ॲपला मात्र या दोन्ही तासांत काहीच फरक दिसत नाही, कारण वॅट बदललेलेच नाहीत.

काकांचं हेच झालं होतं. गुडघ्यामुळे ते हलका गिअर लावायचे. हँडलवरचा कॉम्प्युटर ट्रेनरच्या फ्लायव्हीलचा वेग घेत होता, टीव्हीवरचं ॲप वॅट घेत होतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. त्यांना मी एवढंच सांगितलं : घरात चालवताना अंतर ॲपचं धरा, आणि दुसऱ्या आकड्याशी त्याची तुलना करू नका.

याच कारणाने ॲपमधला ३२ चा वेग खानापूर रस्त्यावर २६ होतो. तिथे समोरचा वारा आहे, खड्डे आहेत, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आहेत, रेल्वे फाटक आहे. ॲपमधल्या रस्त्याला यातलं काही नाही. त्यात तुमचं काही कमी पडत नाही.

आता तपासणीला लागू. क्रम मुद्दाम असा लावलाय की फुकटचं आणि सोपं आधी येईल. कृपया उडी मारू नका. सेटिंगमधली एक खूण बदलून सुटणाऱ्या त्रासापायी नवीन सेन्सर विकत घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं.

१. एकक आणि वजन : दोन मिनिटं, खर्च शून्य

ॲपच्या प्रोफाइलमध्ये मैल आहे की किलोमीटर? ३२ ऐवजी २० दिसत असेल तर पुढे वाचायची गरजच नाही, कारण २० मैल म्हणजे ३२ किलोमीटर. आकडे साधारण १.६ च्या पटीत चुकत असतील तर संशय नेहमी इथेच घ्या.

मग वजन. एकक पाउंड असताना कुणी ७० लिहिलं, तर ॲपच्या दृष्टीने तो माणूस ३२ किलोचा झाला. चढावर असा माणूस उडतच जाणार. उलट वजन जास्त पडलं असेल तर साध्या चढावर सायकल रांगते. घरात दोघं-तिघं एकच खातं वापरत असतील तर हे हमखास होतं : मुलगा चालवतो, वजन बाबांचं. ज्याची राइड त्याचं खातं, हाच त्यावर उपाय.

एक गोष्ट इथे संशयातून काढून टाका. झ्विफ्टमधली 'ट्रेनर डिफिकल्टी' कमी-जास्त केल्याने पायाला लागणारा चढ बदलतो, पण तेवढ्याच वॅटला मिळणारा वेग बदलत नाही. बरेच जण तिथेच तासभर खटपट करत बसतात.

२. कोण कुणाला जोडलंय?

सगळ्यात जास्त घोळ इथे सापडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन ट्रेनर जोडणं. इअरफोनसारखं इथे करायचं नसतं. ट्रेनर आणि सेन्सर ॲपच्या आतूनच जोडायचे. फोनच्या यादीत ट्रेनरचं नाव आधीच असेल तर तिथून ते काढून टाका, मग ॲप उघडा.

दुसरी, एका वेळी एक. जुने ट्रेनर आणि सेन्सर ब्लूटूथवर एकाच यंत्राशी बोलतात. तुम्ही खोलीत शिरता, खिशातल्या फोनमधलं ट्रेनर कंपनीचं ॲप मागच्या मागे ट्रेनरला जोडून मोकळं होतं, आणि लॅपटॉपवर तो सापडतच नाही. फोनमधलं ते ॲप पूर्ण बंद करा. खात्री नसेल तर फोनचं ब्लूटूथच बंद करून बघा. अँट प्लस या ब्लूटूथसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीला ही अडचण नाही, ते रेडिओसारखं आहे : एक बोलतो, कितीही जण ऐकतात. दोन ठिकाणी डेटा हवा असेल तर एकाला ब्लूटूथ, दुसऱ्याला अँट प्लस, अशी वाटणी करा.

तिसरी चूक पटकन दिसत नाही. ट्रेनर ब्लूटूथवर एकाच वेळी दोन-तीन वेगळ्या रूपांत दिसतो : वेग-केडन्स सेन्सर, पॉवर मीटर आणि फिटनेस मशीन. जोडणीच्या पडद्यावर स्मार्ट ट्रेनर चुकून नुसता 'स्पीड सेन्सर' म्हणून निवडला, तर ॲप त्याचे खरे वॅट घेत नाही. चाकाच्या वेगावरून वॅटचा अंदाज बांधतं आणि त्या अंदाजावरून पडद्यावरचा वेग काढतं. अंदाजावर अंदाज. सपाटीवर ५५-६० दिसण्याचं हे एक नेहमीचं कारण. पॉवर सोर्स आणि रेझिस्टन्स या दोन्ही जागी तुमच्या ट्रेनरचं नाव आहे का ते बघा.

ट्रेनर साधा असेल, नुसता चाकाखाली रोलर, तर मात्र स्पीड सेन्सरचीच वाट बरोबर. त्यात ॲपच्या यादीतून तुमच्या ट्रेनरचं नेमकं मॉडेल निवडावं लागतं, कारण कुठल्या वेगाला किती विरोध हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. "जवळपास तेच आहे" म्हणून शेजारचं नाव निवडू नका.

३. एक राइड, दोन नोंदी

स्ट्राव्हावर दुप्पट किलोमीटर दिसतात ते यामुळे. टीव्हीवरचं ॲप राइड नोंदवतं आणि स्ट्राव्हाला पाठवतं. हातातल्या घड्याळावरही तुम्ही 'इनडोअर बाइक' सुरू केलेलं असतं, तेही आपली नोंद पाठवतं. दोन फाइल, दोन यंत्रं, सुरुवातीच्या वेळेत मिनिटाभराचा फरक. अशा दोन नोंदी दोन स्वतंत्र राइड म्हणून उभ्या राहतात आणि बेरजेत दोन्ही मोजल्या जातात.

उपाय सोपा आहे, पण निर्णय तुमचा : कायमचा एक नोंदकर्ता ठरवा. मी सांगेन, ॲपचा ठेवा. त्याच्या फाइलमध्ये वेग, अंतर, चढ, वॅट, हृदयाचे ठोके हे सगळं एकत्र असतं, आणि ती 'व्हर्च्युअल राइड' अशी खूण घेऊन जाते. घड्याळ नुसतं ठोके पाठवायला वापरा. बऱ्याच घड्याळांत ठोके ब्रॉडकास्ट करायची सोय असते, त्यासाठी वेगळी राइड सुरू करावी लागत नाही.

ती खूण महत्त्वाची का? खरा रस्ता आणि घरातली राइड यांची शर्यत लागू नये म्हणून. व्हर्च्युअल राइड खऱ्या रस्त्यावरच्या सेगमेंटच्या (स्ट्राव्हावर वेळेची तुलना होते त्या ठरावीक टप्प्याच्या) यादीत जात नाही. राजहंसगडाच्या चढावर ज्याने वाऱ्याशी झुंजून वेळ काढली, त्याच्या वरती ट्रेनरवरची वेळ येऊन बसता कामा नये. म्हणून साध्या सेन्सरची घरातली राइड चढवताना ट्रेनरची खूण आठवणीने करा. नकाशावर तुमची राइड प्रशांत महासागरात सॉलोमन बेटांजवळ दिसली तरी घाबरू नका. झ्विफ्टचं वॉटोपिया हे काल्पनिक बेट तिथेच मांडलेलं आहे.

महिन्याचं चॅलेंज घेतलं असेल तर त्यात व्हर्च्युअल किलोमीटर धरतात का, ते त्या चॅलेंजच्या नियमांतच वाचा. प्रत्येकाचं वेगळं असतं. आधीच झालेल्या दुप्पट नोंदींपैकी घड्याळाची नोंद काढून टाका. आपल्या ग्रुपात महिन्याच्या बेरजेवर कौतुक होतं, तेव्हा हे स्वच्छ ठेवणं मला आवश्यक वाटतं.

४. राइड पोचलीच नाही

आधी ॲपमध्ये राइड सेव्ह झाली आहे का बघा. झाली असेल तर फाइल सुरक्षित आहे, जीव भांड्यात पडू द्या. स्ट्राव्हाच्या सेटिंगमध्ये 'माय ॲप्स' असतं. तिथे तुमच्या ॲपची परवानगी काढा आणि ॲपमधून नव्याने जोडा, बहुतेक वेळा पुढच्या राइड जायला लागतात. अडकलेली जुनी राइड हाताने चढवा : ॲपच्या संकेतस्थळावरून फिट फाइल उतरवून घ्या आणि संगणकावर स्ट्राव्हाच्या अपलोड पानावर द्या.

फिट हाच प्रकार घ्या, हे आग्रहाने सांगतो. फिट फाइलमध्ये प्रत्येक नोंदीला वेग आणि अंतर थेट लिहिलेलं असतं. टीसीएक्समध्येही अंतर असतं. जीपीएक्स मात्र मुळात ठिकाणांची यादी आहे, अंतर त्या ठिकाणांवरून काढावं लागतं. घरात, जीपीएस नसताना, साध्या सेन्सरवर केलेल्या राइडची जीपीएक्स काढलीत तर अंतराला आधारच उरत नाही. खानापूरच्या एका शिक्षिका ताईंच्या तीन आठवड्यांच्या राइड अशाच शून्य किलोमीटर दाखवत होत्या. त्याच राइड फिट फाइलने परत चढवल्यावर सगळे किलोमीटर आले.

तुम्हाला दिसते पण मित्रांना दिसत नाही, असं असेल तर गोपनीयतेची सेटिंग 'ओन्ली यू' वर आहे. एवढंच.

मधेच वीज गेली तर? पावसाळ्यात हा प्रश्न नेहमीचा. झ्विफ्ट संगणकावर चालत असेल तर चालू राइडची फाइल डॉक्युमेंट्समधल्या झ्विफ्ट फोल्डरमध्ये, ॲक्टिव्हिटीजच्या आत, 'इनप्रोग्रेसॲक्टिव्हिटी' या नावाने असते. वीज आल्यावर ॲप उघडायच्या आधी तिची प्रत दुसरीकडे ठेवा, कारण नवीन राइड सुरू झाली की ती पुसली जाऊ शकते. राउटर इन्व्हर्टरवर घेतला असेल तर निम्मी चिंता मिटते.

५. फोनच्या परवानग्या

अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनवर ब्लूटूथचे सेन्सर शोधायला लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून 'निअरबाय डिव्हाइसेस'ची. ती नाकारली असेल तर सेन्सर सापडणारच नाही, आणि लोक सेन्सरला दोष देतात. बॅटरी सेव्हर ॲपला मागच्या मागे झोपवतो, मग पडदा बंद झाल्यापासूनचे किलोमीटर गायब. त्या एका ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. सायकल कॉम्प्युटर वापरत असाल तर घरात ऑटो पॉज बंद, जीपीएस बंद. खिडकीजवळ जीपीएस चालू राहिला तर सायकल जागेवर असतानाही तो इकडेतिकडे भटकतो आणि ते भटकणं अंतरात धरलं जातं.

६. सेन्सर : सेल, चुंबक, जागा

इथून पुढे हात लावायचं काम.

सेन्सर पुढच्या चाकावर आहे का? रस्त्यावर तो पुढच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) चालतो, पण ट्रेनरवर पुढचं चाक उभंच असतं. निपाणीहून एक जण नवीन सेन्सर घेऊन खास बेळगावला आला होता, तेव्हा जुना सेन्सर पुढच्या हबवर शाबूत सापडला. मागच्या हबवर बसवला आणि वेग लगेच आला. मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरवर बसवत असाल तर चाकाचा सेन्सर कशावरच बसत नाही. तिथे वेग ट्रेनरकडूनच घ्यायचा आणि जुन्या सेन्सरचं नाव यादीतून काढायचं, नाहीतर कॉम्प्युटर त्याची वाट बघत शून्य दाखवत राहतो.

सेल बहुतेक सेन्सरमध्ये सीआर २०३२. नवा सेल ३ व्होल्टचा. मीटर असेल तर मोजा, २.७ च्या खाली असेल तर बदला. सेलवर कंपनीचं नाव स्पष्ट असलेला घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत सेलच्या पत्र्यांवर हिरवट थर धरतो, तो कोरड्या कापडाने किंवा पेन्सिलच्या खोडरबराने पुसून काढा. सेल नवा असूनही वेग तुटतो त्याचं कारण कित्येकदा हा थरच असतो.

चुंबकवाला सेन्सर असेल तर चुंबक आणि सेन्सर यांच्यातलं अंतर ३ ते ५ मिलिमीटर ठेवा आणि चुंबक खुणेच्या समोरूनच जाऊ द्या. चाक हाताने सावकाश फिरवा, प्रत्येक फेऱ्याला दिवा लागतो का बघा. एक फेरा आड दिवा लागत असेल तर वेग नेमका निम्मा दिसणार. बरोबर निम्मा किंवा बरोबर दुप्पट आकडा दिसला की मी आधी पल्स मोजतो. उद्यमबागेतल्या मशीनवरही हेच करतो.

७. परीघ मोजा, अंदाज नको

हे फक्त चाकाच्या हिशेबावर चालणाऱ्यांसाठी. ७०० गुणिले २५ च्या टायरचा परीघ साधारण २१०५ मिलिमीटर, ७०० गुणिले २८ चा २१३६, आणि २९ इंची २.१ च्या एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २२८८. सायकल एमटीबी आणि सेटिंग २१०५ असं असेल तर तुमचे ३० किलोमीटर २७.६ दिसतील.

तक्त्यापेक्षा मोजलेलं बरं. टायरमध्ये नेहमीची हवा भरा. फरशीवर रांगोळीने एक रेघ ओढा, व्हॉल्व्ह बरोबर रेघेवर खाली आणा, सायकलवर बसा, दुसऱ्याला धरायला सांगा आणि सरळ पुढे जाऊन व्हॉल्व्ह परत खाली येईल तिथे खूण करा. मधलं अंतर मिलिमीटरमध्ये टाका. बसून मोजायचं कारण, वजनाने टायर दबतो आणि परीघ थोडा कमी होतो.

८. हवा, रोलर आणि स्पिनडाउन

"मेहनत तीच, वेग बदलला" या तक्रारीचं उत्तर इथे आहे. चाकाखाली रोलर असलेल्या ट्रेनरवर टायरची हवा आणि रोलरचा दाब दरवेळी सारखाच हवा. मी १०० पीएसआय ठेवतो. टायरवर छापलेली कमाल मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळा. थंडीत पहाटे हवा आपोआप कमी भरते, आठवड्यात एकदा मोजा. जोर लावल्यावर टायर रोलरवर घसरत असेल तर दाब थोडा वाढवा. एमटीबीचा खाचांचा टायर ट्रेनरवर नको.

मग स्पिनडाउन. आधी दहा मिनिटं चालवून ट्रेनर गरम होऊ द्या, मग ॲप सांगेल त्या वेगापर्यंत जाऊन पाय थांबवा. चाक थांबायला किती वेळ लागतो त्यावरून ट्रेनर स्वतःचं घर्षण मोजतो आणि वॅट सुधारतो. गार ट्रेनरवर स्पिनडाउन केलंत तर चुकीचं घर्षण पक्कं होतं, आणि पुढचे महिनाभराचे आकडे तिरके येतात. नव्या थेट बसणाऱ्या ट्रेनरांपैकी काही हे स्वतःच करतात, त्यांच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं.

९. सिग्नल तुटणं

ब्लूटूथ, अँट प्लस आणि घरातलं नेहमीचं वायफाय, सगळी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात. राउटर ट्रेनरच्या शेजारी असेल तर लांब सरकवा, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या. अँट प्लसचा डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत लावू नका, त्या खाचेतून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. एक-दोन मीटरची यूएसबी वाढीव वायर घेऊन डोंगल ट्रेनरजवळ जमिनीवर ठेवा. थोड्या पैशांत होणारा हा उपाय माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त लागू पडलाय.

तुटण्याने नुकसान किती होतं ते पद्धतीवर ठरतं. चाकाचा सेन्सर एकूण फेरे मोजत राहतो, त्यामुळे काही सेकंद सिग्नल गेला तरी पुढच्या निरोपात मधले फेरे मिळतात आणि अंतर भरून निघू शकतं. वॅटवर चालणाऱ्या ॲपला मात्र त्या सेकंदांत शून्य वॅट मिळतात, पडद्यावरची सायकल हळू होते, आणि ते अंतर परत येत नाही. म्हणून स्मार्ट ट्रेनरवाल्यांनी तुटणाऱ्या सिग्नलकडे दुर्लक्ष करू नये.

हे सगळं करूनही जमलं नाही तर ट्रेनरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या ॲपमधून अद्ययावत करा. ते चालू असताना वीज जाता कामा नये, इन्व्हर्टर भरलेला असेल तेव्हाच करा.

जिममधल्या सायकलबद्दल थोडं

स्पिन बाइकच्या पडद्यावरचं अंतर म्हणजे फेरे गुणिले कारखान्यात ठरवलेला एक आकडा. दोन जिममधले किलोमीटर जुळवायचा प्रयत्न करू नका. तिथे मिनिटं, ठोके आणि असतील तर वॅट लिहून ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ट्रेनरचं झाकण उघडू नका. आत पट्टा, बेअरिंग, चुंबक आणि ताकद मोजणारा भाग असतो. स्क्रू कमी-जास्त आवळला गेला तरी वॅट कायमचे बिघडू शकतात आणि वॉरंटीही जाते. मी स्वतः रोज मशीन उघडतो, तरी ट्रेनर उघडत नाही.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर प्लग काढा आणि कंपनीच्या सेवा केंद्राशी बोला : जळका वास, ॲडॉप्टर हात लावू नये इतका तापणं, फ्लायव्हील फिरताना घासल्याचा किंवा खडखडाट असा आवाज, पट्टा सुटल्यासारखा झटका, स्पिनडाउन तीन वेळा करूनही नाकारलं जाणं. ट्रेनरच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ट्रेनरवाल्याच्या आधी वायरमनला बोलवा आणि त्या खोलीतलं अर्थिंग तपासून घ्या. घामाने भिजलेल्या अंगाने आपण त्या यंत्रावर तासभर बसतो, तेव्हा यात उद्यावर ढकलण्यासारखं काही नाही.

सायकल ट्रेनरवर हलत असेल, मागचा ॲक्सल नीट बसत नसेल, किंवा कार्बन फ्रेमवर चीर दिसत असेल तर सायकलच्या दुकानातल्या जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय परत चढवू नका.

सेवा केंद्राला फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा : ट्रेनरचा सिरीयल नंबर, फर्मवेअरचा आकडा आणि बिघडलेल्या राइडची फिट फाइल. फाइल पाठवलीत की "कधी कधी होतं हो" असं समजावत बसावं लागत नाही. कुठल्या सेकंदाला वॅट शून्य झाले ते त्यांना तिथेच दिसतं.